बोअर जिथं थांबला, त्याच्याही खाली

आमच्या दादांना तमिळमधले दोनच शब्द येतात. तण्णी म्हणजे पाणी आणि इल्ला म्हणजे नाही. हे शब्द ते चेन्नईला येऊन शिकले नाहीत, औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात शिकले, कारण आमच्याकडं बोअर मारायला ज्या गाड्या येतात त्यातल्या कितीतरी तमिळनाडूच्या असतात, तिरुचेंगोडच्या, आणि गाडीवरची पोरंही तिकडचीच. लुंगी लावून रात्रभर रॉडवर रॉड जोडत बसायची, आमच्या घरून भाकरी-पिठलं जायचं ते निमूट खायची, आणि पहाटे त्यातला एखादा मान हलवून म्हणायचा, "तण्णी इल्ला". आमच्याकडं असे तीन बोअर झाले. तिसरा २०१६ चा, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं त्या वर्षीचा, साडेसातशे फूट. नुसता फुफाटा निघाला. दादा त्या राखाडी धुरळ्याच्या ढिगापाशी किती वेळ उभे होते ते मला आठवतं, बोअरवाल्याचे पैसे द्यायचे होते म्हणून उभे होते असं ते म्हणतात.

तर हे दादा यंदा जानेवारीत पहिल्यांदा चेन्नईला आले, माझ्याकडं. मी इथं बँकेत आहे. शिक्षण एम.एस्सी. जिऑलॉजी, नोकरी बँकेत, हे आपल्याकडं काही नवीन नाही. कर्जाला तारण म्हणून रोज जमिनींचे कागद बघतो, त्या जमिनीच्या खाली काय आहे हा कॉलम फॉर्ममध्ये नसतो. घरी एक जुना डबा आहे, त्यात कॉलेजच्या टूरवर गोळा केलेले आठ-दहा दगड, बायको दर दिवाळीला विचारते की हे टाकायचे का.

दादांना समुद्र दाखवला, तो त्यांना फारसा आवडला नाही, एवढं पाणी आणि कामाचं एक थेंब नाही म्हणाले. मग रविवारी त्यांना सेंट थॉमस माउंटला नेलं. विमानतळाच्या जवळची छोटी टेकडी, तमिळमध्ये परंगीमलै, शंभराच्या वर पायऱ्या, वर पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च. लोक चर्चला जातात किंवा उतरणारी विमानं बघायला जातात. १८०२ साली विल्यम लॅम्बटननं अख्ख्या हिंदुस्थानच्या मोजणीची पहिली बेसलाइन, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी अंतरं काढायची ती पायाची रेघ, इथंच आखली, त्याचाही मान टेकडीला आहे. मी मात्र जातो ते पायऱ्यांच्या बाजूला उघडा पडलेला दगड बघायला. चेन्नईत आल्यावर पहिल्याच महिन्यात गेलो होतो, कुणाला न सांगता, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायला जावं तसा.

दादांनी त्या दगडावर हात फिरवला, मग खाली पडलेली एक कपची उचलून उन्हात धरली. "हे काळं पाषाण न्हाई," म्हणाले. "आपल्या दगडात अशी खडीसाखर दिसत न्हाई. अन् हे तेलकट दिसायलंय."

आयुष्यभर विहिरी खणलेल्या माणसाला दगड शिकवावा लागत नाही. मुरूम, मांजऱ्या, गेरूचा थर, काळा पाषाण, एवढ्या चार शब्दांत त्यांचं पूर्ण दख्खन पठार बसतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या अभ्यासक्रमातलं दख्खन पठारही त्याच्या फार पुढं गेलं नव्हतं. पण तेलकट हा शब्द ऐकून मी चमकलो, कारण ह्या दगडाच्या इंग्रजी वर्णनात पहिल्यापासून तोच शब्द आहे. ताज्या फुटलेल्या कपचीचा रंग निळसर-हिरवट-करडा आणि चमक तुपाचा हात लागल्यासारखी.

ह्याचं नाव चार्नोकाइट. नावाची गोष्ट दादांना सांगितली आणि ती त्यांना दगडापेक्षा जास्त आवडली. जॉब चार्नोक म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा एक माणूस, कोलकाता त्यानं वसवलं असं वर्षानुवर्षं शाळेत शिकवायचे (२००३ साली तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की तो संस्थापक वगैरे नाही). तो १६९३ साली वारला आणि त्याच्या थडग्यावर जो दगड बसवला तो आणला होता इथून, मद्रासजवळच्या ह्या टेकड्यांतून. बरोबर दोनशे वर्षांनी, १८९३ मध्ये, जिऑलॉजिकल सर्व्हेमधल्या थॉमस हॉलंडनं त्या थडग्याच्या दगडावर लेख लिहिला आणि ह्या जातीच्या दगडाला चार्नोकचं नाव देऊन टाकलं. म्हणजे जगभरात, नॉर्वेत असो की अंटार्क्टिकात, हा दगड सापडला की लोक एका कंपनी नोकराच्या थडग्याची आठवण काढतात. दादा म्हणाले, "मग त्या वडाऱ्याचं नाव काय हुतं, ज्यानं हितून काढला?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता मूळ मुद्दा. हा दगड आत्ता ज्या जागी आहे तिथं तो तयार झालेला नाही. साधारण वीस-पंचवीस किलोमीटर खोल, सातशे-आठशे अंश तापमानात, आपल्या हवेच्या दाबाच्या सहा-सात हजार पट दाबाखाली तो घडलाय, आणि त्याला झाली सुमारे २५० कोटी वर्षं. ह्या आकड्यांचं काय करायचं मला विद्यार्थी असतानाही कळायचं नाही. २५० कोटी म्हटलं की डोक्यात कर्जमाफीचा आकडा येतो. पण खोली मात्र कळते, निदान बोअरच्या घरात वाढलेल्याला कळते. दादांना म्हटलं, आपला बोअर साडेसातशे फूट, तसे शंभर बोअर एकाखाली एक लावले तर हा दगड जिथं होता तिथं पोचतो. त्यांनी मनात हिशोब केला असावा, फुटाला किती रुपये ते, आणि हसले.

शाळेत आपण रूपांतरित खडक म्हणजे चुनखडीचा संगमरवर एवढंच पाठ करतो. त्यामुळं बहुतेकांना वाटतं की दगड खाली गेला, वितळला, परत थिजला आणि नवीन झाला. वितळला तर तो अग्निजन्य झाला की. रूपांतराची गंमत अशी की दगड दगडच राहतो, घट्टच्या घट्ट, आणि घट्ट असतानाच त्याच्या आतल्या खनिजांची मोडतोड होऊन दुसरी खनिजं तयार होतात, कणाकणानं, लाखो वर्षं. दादांना मी विटेचं उदाहरण दिलं. कच्ची वीट पाण्यात टाकली तर विरघळते. भट्टीत ती वितळत नाही, आकार तोच राहतो, पण बाहेर आली की तिचा परत चिखल होत नाही. मातीच्या कणांच्या रचनेतच जे पाणी अडकून बसलेलं असतं ते भट्टीत निघून गेलेलं असतं. ओलावा नव्हे, तो तर उन्हातच जातो, हे दुसरं पाणी, खनिजाच्या हाडामासातलं.

दगडातही असं पाणी असतं. काळं अभ्रक घ्या, बायोटाइट, हातात कोरडं ठणठणीत लागतं, पण त्याच्या प्रत्येक पापुद्र्याच्या रचनेत पाण्याचे अंश बांधलेले असतात. दगड खोल खोल दबत गेला, तापत गेला, की एक वेळ अशी येते की अभ्रकाला ते पाणी धरून ठेवता येत नाही. अभ्रक आणि गारगोटी एकमेकांशी भिडतात, त्यातून हायपरस्थीन नावाचं पाणी नसलेलं खनिज बनतं, फेल्डस्पार हे दुसरं कोरडं खनिज बनतं, आणि पाणी सुटतं. हायपरस्थीन दिसला की समजायचं हा दगड पार खालच्या मजल्यावर राहून आलाय. अशा दगडांना ग्रॅन्युलाइट म्हणतात, आणि चार्नोकाइट त्याच घराण्यातला. निलगिरीचा डोंगर बघा, उटीला जाऊन आपण थंडी वाजते म्हणून स्वेटर घेतो, दोडाबेट्टाचं २६३७ मीटरचं शिखर आहे ह्याच जातीच्या दगडाचं, म्हणजे सातशे अंशांत भाजून निघालेल्या दगडावर आपण कुडकुडत उभे असतो.

हे पाणी जातं कुठं आणि कसं, ह्यावर भूशास्त्रज्ञांची भांडणं जुनी आहेत. आमच्या एम.एस्सी.च्या टूरमध्ये आम्हाला कब्बलदुर्गला नेलं होतं, बंगलोरच्या दक्षिणेला, रामनगरच्या बाजूला. तिथं एका खाणीत जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. भिंतीसारखा कापलेला करडा नीस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक, त्यात पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, आणि मध्येच त्या पट्ट्या पुसट होऊन गडद तेलकट डाग, तूप सांडल्यासारखे. डाग फटींच्या कडेनं पसरलेले. तो डाग म्हणजे चार्नोकाइट. तोच दगड, अर्धा बदललेला आणि अर्धा तसाच. सी. एस. पिचमुथू ह्यांनी १९६० मध्ये ह्यावर 'नेचर'मध्ये टिपण लिहिलं, घडताना पकडलेला चार्नोकाइट अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. तोवर हॉलंडच्या मागून जाणारे म्हणायचे की हा दगड सरळ शिलारसातून थिजून झालाय, इथं डोळ्यांना दिसत होतं की आधीच्या नीसचंच रूप पालटलंय. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, काही चार्नोकाइट तसे झाले, काही असे, एकाच नावाखाली दोन वेगळी चरित्रं आहेत आणि शंभर वर्षं भांडण चाललं ते नावामुळं.

पुढं १९८० च्या सुमारास जनार्दन, न्यूटन वगैरे भूशास्त्रज्ञांनी कब्बलदुर्गवरच म्हटलं की खालून कार्बन डायऑक्साइड आला आणि त्यानं पाणी हुसकून लावलं. पुरावाही होता. गारगोटीच्या कणांत केसापेक्षा बारीक बुडबुडे असतात आणि त्यात त्या खोलीवरचा कार्बन डायऑक्साइड दाबाखाली अजून कोंडलेला आहे. दुसरे म्हणाले, एवढा गॅस लागतच नाही, दगड थोडासा वितळला, त्या रसानं पाणी शोषलं, रस वर निघून गेला आणि मागं कोरडा दगड राहिला. तिसरे खारट पाण्याचं म्हणतात. मला दुसरी बाजू जास्त पटते पण कब्बलच्या त्या फटी बघितल्या की मन डळमळतं, फटीतून काहीतरी आलं होतंच ना.

आमचे सर तिथं एक गोष्ट बोलले होते. म्हणाले, पूर्ण झालेलं काम काही सांगत नाही, अर्धवट राहिलेलं सांगतं. दगड शंभर टक्के बदलला तर आधी तो काय होता हे कळायला मार्ग नाही. पण मायक्रोस्कोपखाली गार्नेट नावाच्या खनिजाचा एखादा लाल कण दिसतो, कडेनं कुरतडलेला, आणि त्याच्याभोवती बारीक बोटांसारख्या खनिजांची झालर. ती झालर म्हणजे दगड वर येताना दाब कमी झाला, गार्नेटला ते सहन होईना, तो मोडायला लागला, आणि पूर्ण मोडायच्या आत दगड थंड झाला. काम तिथंच थांबलं. त्या अर्ध्या कामावरून, कुठल्या खनिजात किती लोह किती मॅग्नेशियम ते मोजून, लोक दाबाचा आणि तापमानाचा पूर्ण प्रवास मांडतात, आधी किती खोल गेला, मग किती तापला, मग वर कसा आला. आणि तारीख देतो झिर्कॉन, दगडातला एक खनिजाचा कण, वाळूच्या कणापेक्षाही लहान, बनताना तो युरेनियम आत घेतो, शिसं घेत नाही, त्यामुळं आत सापडणारं शिसं हे युरेनियम मोडूनच आलेलं, ते मोजायचं. कधी कधी एका झिर्कॉनवर दुसरा थर चढलेला असतो, गाभ्याचं वय वेगळं आणि सालीचं वेगळं.

आणि परत वर येताना तो बदलला का नाही? थंड होताना पुन्हा अभ्रक का झालं नाही? पाणीच नव्हतं म्हणून. खाली जाताना बदल घडवणारी उष्णता असते आणि पाणी सुटत जातं. येताना परत मागं जायचं तर पाणी लागतं, आणि ते कधीच निघून गेलेलं असतं. म्हणून तो जसा होता तसाच राहिला, कोरडा, सगळं लक्षात ठेवून. जिथं एखाद्या भेगेतून नंतर पाणी शिरलं तिथं दगड लगेच विसरायला लागतो, हायपरस्थीनच्या कडा परत हिरवट-काळ्या होतात. हे मी दादांना जरा जास्तच रंगून सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "मग ह्याच्यात बोअर मारला तर पाणी लागतं का?"

लागलं तर भेगेत लागतं, दगडात नाही, असं मी म्हटलं. "म्हंजी आपल्यावानीच," ते म्हणाले.

वय झालं म्हणून दगड बदलत नाही, हेही त्यांना सांगायचं होतं, आणि त्याचा पुरावा ते येतानाच बघून आले होते. सोलापुरात गाडी धरली की कलबुर्गीपर्यंत आपलाच काळा दगड, मग शहाबाद, म्हणजे आपल्या घराघरातली शहाबादी फरशी, मग रायचूरकडं गुळगुळीत धोंड्यांच्या टेकड्या, मग ताडीपत्री आणि कडप्पा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला ओटा. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच, दोन्ही डायनासोरांच्या कितीतरी आधीच्या, पन्नास कोटी वर्षांच्या पलीकडच्या, आणि तरी समुद्रतळावर जशा थरांत साचल्या तशाच सपाट पडून आहेत, संगमरवर झाल्या नाहीत. त्यांना कुणी खोल दाबलंच नाही. आईनं पंचवीस वर्षं त्या कडप्प्यावर पोळ्या लाटल्या, आणि माझ्या डब्यातला तेलकट दगड त्याच ओट्यावर ठेवला तर ती म्हणायची, उचल ते, डाग पडंल.

आता खालचं मी दादांना लगेच सांगितलं नाही. वर चर्चच्या बाकावर बसलो, विमानं बघितली, मग सांगितलं.

३० सप्टेंबर १९९३. मी सात वर्षांचा. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हलली जमीन. किल्लारी आमच्यापासून वीसेक किलोमीटर. आमचं घर माळवदाचं, दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, मागची एक भिंत बाहेर पडली म्हणून आम्ही वाचलो, आत पडली असती तर हा लेख नसता. आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या पाहुण्यांतली किती गेली ते दादा मोजत नाहीत. आजी त्यानंतर छताखाली झोपलीच नाही, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, एरवी अंगणात. ती मला विचारायची, "जमिनीखाली काय हाय रं लेकरा?" किल्लारीत आदल्या वर्षीपासून हादरे बसत होते, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा असं लोक सांगायचे, कुणी शेषनाग म्हणायचं, कुणी काही. खोटं कशाला बोलू, जिऑलॉजीला मी त्या प्रश्नासाठी गेलो नाही, सी.ई.टी.त मार्क कमी पडले म्हणून गेलो. पण उत्तर तिथंच मिळालं.

भूकंपानंतर किल्लारीला एक संशोधनाचा बोअर मारला होता, ६१७ मीटर खोल. वरचे ३३८ मीटर संपले आणि बेसाल्ट संपला, म्हणजे दादांचं काळं पाषाण संपलं, आपल्या भाषेत अकराशे फुटांच्या आसपास. बेसाल्टच्या बुडाशी ८ मीटर गाळाचे. आणि त्याच्या खाली जुना दगड. हैदराबादच्या एनजीआरआय ह्या भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तो तपासला तर तो साधा ग्रॅनाइट नव्हता, जड होता, घट्ट होता, अँफिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट दर्जाचा, म्हणजे कवचाच्या मधल्या मजल्यावरचा.

ते ८ मीटर गाळ मला सगळ्यात भारी वाटतात. गाळ साचायला उघडी जमीन लागते, पाऊस लागतो, ओहोळ लागतो. म्हणजे आमच्या गावाकडचा तो खोलातला दगड कधीकाळी खाली दबला, भाजला, त्याच्यावरचे कित्येक किलोमीटर झिजून गेले आणि तो वर आला, उन्हात पडला, त्याच्यावर पाणी वाहिलं, चिखल बसला. आणि मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, एकावर एक गोधड्या टाकाव्यात तसे थर, आणि तो परत दिसेनासा झाला. इथं परंगीमलैला लाव्हा आला नाही एवढाच फरक. हेच्या हेच दगड आहेत असं नाही, घराणं एक आहे. भूकंप त्या दगडानं केला असंही मी म्हणत नाही, पण तुटलं ते त्यातच कुठंतरी, काही किलोमीटर खाली. काळ्या पाषाणाला वर फक्त तडा गेला.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. एक विमान उतरलं, दुसरं उतरलं.

मग म्हणाले, "आपण साडेसातशेवर थांबलो."

"हो."

"अजून साडेतीनशे मारला असता तर हे लागलं असतं?"

आपल्याकडं थोडं कमीजास्त, मी म्हटलं, पण साधारण हो.

"अन् पाणी?"

मी काही म्हणायच्या आत तेच हसले. उतरताना पायऱ्यांवर त्यांचा गुडघा दुखायला लागला, ऊन चढलं होतं, बाटली मी घरीच विसरलो होतो. खाली एक बाई शहाळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसली होती. मी पाकीट काढेपर्यंत दादा पुढं गेले आणि अगदी सराईतासारखं म्हणाले, "तण्णी."

बाईनं आईसबॉक्स उघडला, बाटली काढून दिली आणि भराभरा तमिळमध्ये काहीतरी विचारलं. दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा दुसरा शब्द तिथं चालणार नव्हता.